गोळी सुटल्यावर

संग्रामने ओल्या झुडपांवर पोट टेकलं, रायफलचा दस्ता खांद्यात घट्ट दाबला आणि दुर्बिणीला डोळा लावला. मागे मेंढीच्या कातड्यावर बसलेली त्याची आई, आक्का, मान उंचावून बघत होती. समोरच्या उतारावर नर हरिण उभं होतं. हाताच्या पंजासारखी पसरट शिंगं, आणि पोटाखालून धुकं वाहत असल्यामुळे पाय नसल्यासारखं अधांतरी.

संग्रामचं बोट चापाच्या बाहेरच राहिलं.

"मार की," आक्का कुजबुजली.

"थांब. मागं काय आहे ते दिसत नाही."

"मागं डोंगूर हाय. दुसरं काय असतंय?"

तरी तो थांबला. आक्काला हे थांबणं माहीत होतं. गेल्या मोसमातही तो असाच थांबला होता आणि हात हलवत घरी आला होता. आयर्लंडमधलं हे अख्खं पोर्टलीश गाव ज्याच्या हातून भूल घेऊन झोपतं, तो डॉक्टर हरणापुढे स्वतःच झोपतो, असं तिचं सुनेला ऐकवूनही झालं होतं. थंडीत डोंगरावर जाऊ नका, असं सून शर्वाणी विनवून सांगत होती. मग घरात बसून भिंतींना फोडणी देऊ का, असं विचारून आक्का लुगड्यावर लेकाचं जाकीट चढवून, पायांत गमबूट घालून जीपमध्ये बसली ती बसलीच. पाटणच्या खोऱ्यातलं तिचं माहेर रानडुकरांच्या शिकारीसाठी नावाजलेलं. लेक या रविवारी हरिण पाडणार, हे तिने फोन करकरून गावभर केलं होतं.

"तुझा आजा असल्या धुक्यात डुक्कर लोळवायचा," ती म्हणाली. "तुझ्यानं हुईत नसंल तर तसं सांग."

बोट चापावर आलं.

आवाज समोरच्या डोंगरावर आदळून परत आला. हरिण उसळलं आणि धुक्यात नाहीसं झालं. त्याच वेळी आक्काला आणखी काही दिसलं. हरणाच्या मागे, जरा उजवीकडे, एक तपकिरी टोपी खाली गेली.

ती कुणाची, हे तिला कुणी सांगायला नको होतं. या डोंगरावर मेंढ्या राखणाऱ्या डोनलनेच संग्रामला शिकारीचा नाद लावला होता. सकाळी तो पलीकडच्या अंगाने वर गेला होता आणि मोठ्या दगडापाशी थांबणार होता. जाताना आक्का कुडकुडताना दिसली, तेव्हा त्याने आपल्या गाडीतून हे कातडं आणलं, झटकलं, तिच्यासाठी अंथरलं आणि हसत काहीतरी बोलून गेला. माणूस जरा खुळाच दिसतो, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

"संग्राम." तिला स्वतःचा आवाज ओळखू येईना. "डोनलची टोपी पडली रं तिथं."

संग्रामने मान वर केली. आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग उताराकडे. तिथे आता धुक्याशिवाय काही नव्हतं. त्याने डोनलला हाक मारली. तोंडाभोवती हात धरून पुन्हा मारली. कुठेतरी मेंढी ओरडली आणि गप्प झाली. माणसाचा आवाज आला नाही. फोनला तर इथे रेंजच नव्हती.

पोलिसांची गाडी आक्काच्या डोळ्यांसमोर यायला लागली. लेकाचे ते सुईसारखे नेमके हात, आणि त्यांत बेड्या. तिने त्याची बाही धरली.

"चल. गाडीत बस."

"काय?"

"आपुन हितं आलोच नव्हतो. कुनी बघितलेलं न्हाई. चल म्हनते ना."

संग्राम बघत राहिला. जन्मात कधी खोटी साक्ष दिली नाही, हे आक्का चार माणसांत छाती पुढे काढून सांगायची. ते ऐकतच तो मोठा झाला होता. तिची बोटं त्याने एकेक करून बाहीवरून सोडवली. रायफल रिकामी करून खांद्याला अडकवली, गळ्यातला मफलर काढून मुठीभोवती गुंडाळला. जखम बांधायला तेवढंच कापड होतं. मग तो उतरणीला लागला आणि धुक्याने त्याला गिळलं.

त्याच्या हाका ऐकू येत राहिल्या, एकेक करत लांब जात. मग त्याही थांबल्या. थांबल्या म्हणजे सापडला. आणि सापडूनही आवाज नाही, म्हणजे काय, ते आक्काला कळत होतं. बुडाखालचं कातडं उबदार होतं. ती सरकत सरकत त्यावरून खाली उतरली आणि ओल्या मातीत बसून राहिली.

बऱ्याच वेळाने बोलणं ऐकू आलं. दोघांचं.

आधी डोनल वर आला, हनुवटीपासून गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला, टोपी डोक्यावर, तोंडाने कुरकूर चालू. मागे संग्राम हरिण शिंगांना धरून ओढत होता. धापा टाकत त्याने आईला सगळं सांगितलं. हरणाने मान वळवली तशी ते बुजू नये म्हणून डोनल दगडाआड आडवा झाला होता, गोळीच्या वाटेपासून चांगला बाजूला. आणि गोळी सुटल्यावर हाकारायचं नसतं, जागचं हलायचं नसतं. जखमी जनावर निपचित पडलेलं असलं, तरी माणसाचा आवाज ऐकून उठतं आणि मैलभर पळतं. हा डोनलने शिकवलेला पहिला धडा, आणि डॉक्टर गुरं सुटल्यासारखा बोंबलत आला. ओठांवर बोट ठेवून गप्प करावं लागलं त्याला. पण गोळी ग्रँड बसली, एकदम ग्रँड, असंही डोनल म्हणाला होता.

मफलर अजून संग्रामच्या मुठीवरच होता.

डोनलचं लक्ष आक्काकडे गेलं. कातडं सोडून चिखलात बसलेली, तोंड पांढरंफटक. त्याने संग्रामला काही विचारलं. संग्रामने आईकडे एकदा पाहिलं, मग उत्तर दिलं. ऐकून डोनलचा चेहरा मऊ झाला. त्याने टोपी काढली.

"काय सांगितलंस त्येला?"

"तू त्याच्या काळजीनं घाबरलीस म्हणून."

आक्का चिखलात हात टेकून उठली.

डोनलने गुडघे टेकून हरणाचं पोट फाडलं. वाफ उठली. आतली कलेजी त्याने सोडवली, बाजूच्या ओहोळात धुतली आणि दोन्ही तळहातांवर घेऊन आक्कासमोर येऊन उभा राहिला. पहिल्या शिकारीची कलेजी शिकाऱ्याच्या आईची, असं डोनलच्या घरात चालत आलंय, संग्राम म्हणाला. डोनलनेही आपल्या आईला दिली होती.

आक्काने जाकिटाला हात पुसले. पुन्हा पुसले. डोनल हात पुढे धरून उभाच होता, त्याला कसली घाई नव्हती. संग्राम मुठीवरचा मफलर सोडत होता आणि इकडे बघत नव्हता.

शेवटी तिने हात पुढे केले.

"जड हाय," ती म्हणाली.

काय म्हणाली, म्हणून डोनलने संग्रामकडे पाहिलं. संग्राम मफलर गळ्याभोवती गुंडाळत राहिला.