अजिंक्य ब्रिगेडचा लाकडी फलक

मित्रांनो, मी फ्रेंच सैन्यातल्या एका अजिंक्य ब्रिगेडचा साक्षीदार आहे. तिला कधीच कोणी हरवलं नाही. लढायला कुठे पाठवलंही नाही, पण तो मुद्दा वेगळा.

मी एक जुना ओकचा फलक आहे. माणसाएवढी उंची, अंगावर पाट्या लटकवायचे पितळी आकडे. फ्रान्समधल्या एका छावणीच्या सुतारशाळेत माझा जन्म झाला. ब्रिगेड नवी होती. तिची रचना पाहुण्यांना एका नजरेत कळावी म्हणून मला बनवलं होतं. सगळ्यात वर मुख्यालय. त्याखाली पायदळाच्या दोन रेजिमेंट, मग रणगाडेवाले, तोफखाना, इंजिनिअर आणि सिग्नलवाले. प्रत्येकाची रंगीत पत्र्याची पाटी आपापल्या आकड्यावर लटकायची. उद्घाटनाला जनरलसाहेब म्हणाले, "ही रचना पिढ्यान्पिढ्या टिकेल." मला संशय आला तो तेव्हाच. पाट्या ठोकून न बसवता आकड्यांवर लटकवा, असं त्यांनीच तर सुताराला सांगितलं होतं.

तोफखाना दुसऱ्या ब्रिगेडकडून उसना आणलेला होता. पायदळाची एक रेजिमेंट आमची म्हणवली जायची, पण तिचे जवान जुन्याच ब्रिगेडचा बिल्ला लावून फिरायचे. कोणी हटकलं तर म्हणायचे, "नवा शर्ट धुवायला टाकलाय." रणगाडेवाल्यांची पाटी तर आकड्यासकट इतक्या वेळा हलली, की तिथे माझी चाळण झाली. पाहुणे आले की मात्र माझं कौतुक व्हायचं. एखादा कर्नल छडी घेऊन माझ्यासमोर उभा राहायचा आणि नसलेल्या सैन्याकडे मोठ्या अभिमानाने बोट दाखवायचा.

मग पॅरिसहून नवी योजना आली. पहिली पाटी काढताना साहेब म्हणाले, "हे तात्पुरतं आहे." मित्रांनो, हा शब्द मी आता कुठल्याही भाषेत ओळखतो. तीन वर्षांत ब्रिगेड बरखास्त झाली. मुख्यालयाची पाटी सगळ्यात शेवटी उतरली. तिच्याखाली कोणीच उरलं नव्हतं, तरी मुख्यालयाची सकाळची मीटिंग रोज वेळेवर सुरू व्हायची.

जुन्या फर्निचरच्या कंटेनरमधून मी आखातात आलो, लिलावात निघालो आणि दुबईतल्या देरा भागात अजीजभाईंच्या दुकानात एका बंद पडलेल्या पंख्यामागे उभा राहिलो. अजीजभाई मूळचे रत्नागिरीचे. जुन्या वस्तूला नवा इतिहास चिकटवावा तर त्यांनीच.

एक दिवस तिथे सूर्यकांत आला. देरातल्या एका मालवाहतूक कंपनीत तो ऑपरेशन्स बघतो, राहतो शारजात, अल नहदाला. त्याच्या मॅनेजरना, म्हणजे अरुणसरांना, ऑफिसची रचना भिंतीवर हवी होती.

"लढाईतला माल आहे, सूर्यकांतभाई," अजीजभाई म्हणाले. "ही बघा गोळीची खूण."

सूर्यकांतने भोकात बोट घातलं. "गोळीला आटे असतात?"

"फ्रेंच गोळी आहे. त्यांचं फिनिशिंगच वेगळं."

"बरं, त्या ब्रिगेडचं पुढे काय झालं?"

"तीन सालात खलास. लिलाववाला सांगत होता, हेडक्वार्टर तेवढं शेवटपर्यंत बसून होतं."

अजीजभाई त्या दिवशी बोलले त्यातलं एवढंच खरं होतं, आणि नेमकं तेवढंच सूर्यकांतच्या डोक्यात बसलं.

ऑफिसात माझ्यावर नव्या पाट्या आल्या. हेड ऑफिस, अकाउंट्स, ऑपरेशन्स, गोदाम. वर्षभर सगळं शांत होतं. मग अरुणसर ड्रिल घेऊन आले, माझ्या कडेला एक नवा आकडा बसवला आणि त्यावर 'अबू धाबी विभाग' अशी पाटी लटकवली.

"सूर्यकांत, हे तू सांभाळायचंस. सध्या टेम्पररी, मग बघू."

माझे आकडे खुळखुळले. एसीच्या वाऱ्याने, असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

संध्याकाळी सगळे गेल्यावर सूर्यकांत माझ्यासमोर उभा राहिला. फोन स्पीकरवर होता, पलीकडे त्याची बायको विभावरी.

"मला नव्या विभागात लटकवतायत, विभा."

"लटकवतायत काय? प्रमोशन आहे ते!"

"प्रमोशनला कोणी ड्रिल घेऊन येतं का? आधी माणसाला बाजूला काढायचं, मग विभाग बंद करायचा. नोकरी गेली की व्हिसा गेला. ओवीची दहावी आहे. मधेच उचलून पुण्याला कुठल्या शाळेत बसवायची तिला?"

"तुला ना, वॉचमनने गुड मॉर्निंग म्हटलं तरी संशय येतो."

मागून मुलीचा आवाज आला, "बाबा, इट्स अ बोर्ड, नॉट अ होरोस्कोप!"

फोन ठेवून सूर्यकांतने माझ्या अंगावरून हात फिरवला. खालच्या आकड्यांभोवती भोकंच भोकं. वरती मुख्यालयाच्या जागी मात्र एकच आकडा, न हललेला. "हेडक्वार्टर शेवटपर्यंत बसून होतं," तो पुटपुटला. मित्रांनो, माझा ऊर भरून आला. एवढ्या वर्षांत मला नीट वाचणारा हा पहिलाच माणूस.

दुसऱ्या दिवशी तो अरुणसरांना म्हणाला, "सर, मी हेड ऑफिसलाच बरा. जुना माणूस सेंटरला हवा."

"शुअर? मग प्रकाशला विचारतो."

गोदाम बघणारा प्रकाश हा हसतमुख माणूस. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "यल्ला, चला सर, कधी निघायचं?" एवढंच त्याने विचारलं. निरोपाच्या चहाला सूर्यकांतने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेराव्याला ठेवतात तसा.

"काळजी घे रे."

"कसली?"

सूर्यकांतने त्याच्या बशीत आणखी एक समोसा ठेवला.

त्यानंतर आम्ही दोघं त्या पाटीवर डोळा ठेवून होतो. कोणी स्टूल सरकवलं तरी सूर्यकांत मान वर करायचा. अखेर एका सकाळी अरुणसर स्टुलावर चढले आणि त्यांनी अबू धाबीची पाटी काढली. सूर्यकांत उभाच राहिला. "सांगितलं होतं मी," असं तो कोणालाच उद्देशून म्हणाला.

अरुणसरांनी त्या जागी त्याच नावाची दुप्पट मोठी पाटी लावली आणि तिच्याखाली आणखी चार आकडे बसवले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा. आमच्यावरची धूळ पुसा, आमच्या पितळेला अधूनमधून चिंच लावा आणि आमच्या अनुभवाचा मान ठेवा. माझा सल्ला आजही तोच आहे: नव्या आकड्यावर कधी लटकू नका.

ओवीची दहावी सुखरूप पार पडली. सूर्यकांतची नोकरी, पाटी आणि खुर्ची जिथल्या तिथे आहे. प्रकाशने अबू धाबीच्या खलिफा सिटीत व्हिला भाड्याने घेतला. त्याच्या सत्यनारायणाला सूर्यकांत शारजाहून बसने गेला.