डी ड्राइव्हमधले पोपट

शुक्रवार पेठेतले कोंडीबा गुरुजी निवृत्त झाले, पण त्यांची शिकवायची खोड काही निवृत्त झाली नाही. ऊन उतरलं की गल्लीतली चार-दोन पोरं दप्तरं घेऊन त्यांच्या ओट्यावर येत. त्या दिवशी एकटी अरिबाच आली होती, शेजारच्या हुसेनबीची नात, तिसरीतली. गुरुजींनी तिला तोंडी गणित घातलं.

"झाडावर सात पोपट बसलेत. त्यातले दोन उडाले. राहिले किती?"

अरिबानं पेन्सिलीचं टोक गालात दाबलं, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "पण सर, ते दोघं गेले कुठं?"

गुरुजी हसायला गेले आणि अर्ध्यातच थांबले. हाच प्रश्न त्यांना त्यांच्या लेकीनं विचारला होता. तो प्रश्न, तिच्या आवाजासकट, घरातल्या कॉम्प्युटरमध्ये ठेवलेला होता.

"थांब, तुला एक गंमत ऐकवतो," म्हणून ते आत गेले ते गेलेच. अरिबानं वाट पाहिली, गुरुजींच्या बायकोनं, बजाबाईंनी, हातावर ठेवलेला शेंगदाण्याचा लाडू खाल्ला आणि ती घरी निघून गेली, तरी गुरुजी बाहेर आले नाहीत.

साथीमुळे ज्या वर्षी शाळा बंद पडल्या, त्याच वर्षी गुरुजींची नोकरी संपली होती. वैरागजवळच्या त्यांच्या शाळेत ना निरोपसमारंभ झाला, ना मुलांची तोंडं दिसली. माणूस कासावीस झाला होता. तेव्हा अंकिता, त्यांची एकुलती एक लेक, म्हणाली होती, "अण्णा, मुलं येत नाहीत तर आवाज पाठवू की." मग रोज दुपारी खिडकी लावून, पंखा बंद करून, दोघं कॉम्प्युटरपुढं बसत. गुरुजी गोष्टीतून गणित सांगत आणि अंकिता ढ विद्यार्थिनी होई. कॉलेजात जाणारी पोरगी, पण असे एकेक प्रश्न काढायची की गणित बाजूला राहावं आणि गुरुजींना हसू आवरू नये. ते हसूसुद्धा तसंच मुलांच्या फोनवर जाई.

पुढं शिकायला येणाऱ्या एका पोरानं खेळता खेळता दोन गोष्टी पुसून टाकल्या. तेव्हा अंकितानं सगळ्या गोष्टी डी ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये घातल्या आणि तो आपल्याशिवाय कुणालाच उघडता येऊ नये अशी व्यवस्था करून टाकली. "तुम्हालापण नाही हं, अण्णा," असं वर ऐकवलंही होतं. तेव्हा काही अडत नव्हतं. लागेल तेव्हा हाक मारली की ती पळत येऊन उघडून द्यायची.

आता ती सासरी होती. टेंभुर्णीच्या पुढं, उजनीच्या पाण्याकाठी, केळीच्या बागा असलेलं मोठं घर. माणसं चांगली. जावई अभिमन्यू तर शब्दाबाहेर नव्हता. फोन रोज येई, पण तो असा: "जेवलात का? गोळी घेतली का? बरं, ठेवते." प्रश्न विचारणारी ती पोरगी त्या फोनात कुठं सापडत नव्हती. गुरुजींना ती एकदा, एवढीशी का होईना, घरात बोलताना ऐकायची होती.

आणि कॉम्प्युटर म्हणत होता, तुम्हाला या फोल्डरची परवानगी नाही.

गुरुजींनी 'कंटिन्यू' दाबून पाहिलं. फोल्डरचं नाव बदलून पाहिलं, दुसरीकडं कॉपी करून पाहिलं. बंद करून चालू केलं. दुसऱ्या दिवशी रिक्षात घालून कॉम्प्युटरची पेटी पेठेतल्या दुकानात नेली. तिथल्या अझरुद्दीननं, एकेकाळच्या शेजाऱ्याच्या मुलानं, आधी चहा मागवला आणि मग सांगितलं, "फॉरमॅट मारतो गुरुजी, नवा कोरा होईल."

"आणि आत आहे ते?"

"ते जाणार की."

सुई टोचायच्या आत डॉक्टरच्या हातून पोर ओढून घ्यावं, तशी गुरुजींनी पेटी उचलली आणि घर गाठलं. अझरुद्दीन मागून ओरडतच राहिला, "चहा तरी घ्या!"

"अवो, कालधरनं त्या डबड्याफुडं बसलाय," बजाबाई म्हणाल्या. "पोरीला इचारा की. तिला लई कळतं त्यातलं."

"ती कामात असेल. उगाच कशाला?"

"टेंभुर्णीच्या फुडं हाय ती, चंद्रावर न्हाय. का तुमी काय करून ठिवलंय ते सांगायची लाज वाटतीय?"

बजाबाईंचा बाण बरोबर लागला होता. 

झालं होतं असं. लग्नानंतर सासरी लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले आणि अभिमन्यूनं अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं, संस्कृती. घरातल्या थोरल्या सुनेचं नाव अंकिताच होतं; एका घरात दोन अंकिता झाल्या तर हाकेला कोण उठणार? कुणाचं काही चुकलं नव्हतं. गुरुजी ताटापुढंच उभे होते. घरी परतल्यावर, नेटक्या माणसानं करावं तसं, त्यांनी सगळीकडं नवं नाव लावायला घेतलं. नातेवाइकांना कळवलं. भिंतीवरच्या फोटोखालची चिठ्ठी बदलली. कॉम्प्युटरवर संस्कृती नावाचं नवं अकाउंट उघडलं आणि अंकिता नावाचं पुसून टाकलं. लेक माहेरी येईल, कॉम्प्युटर लावेल, तिला आपलं नवं नाव दिसेल, वडिलांनी ते मनापासून घेतलं असं तिला वाटेल, एवढाच त्यात हेतू. ती दोनदा आली, पण घाईत. कॉम्प्युटरपुढं बसलीच नाही.

दुपारची जेवणं झाली असतील असा अंदाज घेऊन गुरुजींनी फोन लावला.

"अण्णा? या वेळेला? आई बरी आहे ना?"

"आई खणखणीत आहे. आत्ताच मला बोलून गेली. तू मोकळी आहेस का?"

"भांडी आवरली. बोला की."

"अरिबाला पोपटांचं गणित ऐकवायचं होतं. तुझा फोल्डर उघडत नाही."

फोनमधून हसू आलं. "मीच कुलूप घातलंय त्याला! माझ्या अकाउंटातून आत शिरा. पासवर्ड ठाऊक आहे तुम्हाला."

"शिरलो. तरी नाही म्हणतोय."

"असं कसं होईल?"

"ते अकाउंट कालच उघडलंय. नाव अंकिता, पासवर्ड तोच, चित्रही तेच सूर्यफुलाचं. सगळं जुन्यासारखं केलं. तरी ओळखत नाही."

तिकडं लांब कुठंतरी पाण्याची मोटर चालू होती.

"आणि जुनं?"

"जुनं मी पुसलं. तुझं लग्न झाल्यावर." गुरुजींनी एका दमात सगळं सांगून टाकलं, ताट, तांदूळ, आपला हेतू.

"अण्णा, इथं दोघी झाल्या म्हणून एकीचं बदललं," अंकिता हळू म्हणाली. "आपल्या घरात कुठं दोघी होत्या?"

चाळीस मुलांच्या वर्गात ज्यांना कधी शब्द शोधावा लागला नाही, ते चष्मा काढून पुसू लागले.

"बरं, रडू नका आता," ती म्हणाली.

"रडतोय कोण? चष्मा पुसतोय."

"तेच ते. ऐका. शाळेत जनरल रजिस्टर असतं ना, प्रत्येक मुलाला त्यात एक नंबर असतो. मुलाचं नाव पुढं बदललं तरी नंबर तोच राहतो. तुम्हीच सांगायचात. कॉम्प्युटर तसंच करतो. त्याच्या लेखी मी म्हणजे अंकिता नव्हे, एक लांबलचक नंबर. नुसतं नाव बदलून संस्कृती केलं असतंत, तर त्यानं मला ओळखलंच असतं. तुम्ही नोंदच खोडलीत."

"आणि कालची अंकिता?"

"ती नवीन दाखल झालेली मुलगी. नावाला नाव जुळतंय, एवढंच."

गुरुजींनी मान डोलावली. ती फोनवर दिसत नाही हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. पोरगी छान समजावून सांगत होती, न चिडता, एका वेळी एकच गोष्ट.

"आता तुमच्या अकाउंटात या. या मशीनचे मुख्याध्यापक तुम्ही, तुमच्याशिवाय हे होणार नाही. फोल्डरवर उजवं बटण, प्रॉपर्टीज, मग सिक्युरिटी, त्यात ॲडव्हान्स्ड. वर ओनर लिहिलंय? पुढं काय दिसतं?"

"मालक दाखवता येत नाही म्हणतोय."

"शेजारी चेंज आहे, ते दाबा आणि तुमचं नाव घाला."

गुरुजींचा हात थांबला. "माझं? फोल्डर तर तुझा आहे."

"मालकी हातात आल्याशिवाय परवानग्या लिहिता येणार नाहीत. घ्या की आधी."

त्यांनी नाव घातलं. ओके केलं. खिडकी बंद करून पुन्हा उघडली, तर आता परवानग्यांची यादी दिसत होती. यादीत एकच ओळ होती.

"अनोळखी अकाउंट लिहिलंय. कंसात एस, मग आकडेच आकडे."

"ती मी," अंकिता सहज म्हणाली.

गुरुजी त्या आकड्यांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "ही ओळ काढून टाकायची का?"

"राहू द्या. कुणाला अडवतीय ती? खाली ॲड दाबून तुमचं नाव वाढवा, पूर्ण परवानगी द्या."

कॉम्प्युटरनं एक-दोन कुरबुरी केल्या आणि फोल्डर उघडला. आत गोष्टींची नावं एकाखाली एक उभी होती: चिंचेची वाटणी, गळकी घागर, बसमधली माणसं, सात पोपट. गुरुजींनी श्वास रोखून सात पोपटवर दोनदा टिचकी मारली. परवानगी नाही. घागरीवर मारली. परवानगी नाही. सगळे दारात उभे, पण आत या म्हणायला कुणी तयार नाही.

"नावं दिसतायत गं, पण बोलत कुणीच नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जे आलं ते त्यांनाही नको होतं.

अंकिताला कळायचं ते कळलं असावं. "अण्णा, हे अरिबासाठीच चाललंय ना?"

"अरिबासाठीपण."

"बरं," ती मऊपणे म्हणाली. "ओनर बदलला तिथं, नावाच्या खाली एक चौकट होती. त्यात खूण केली नाहीत तुम्ही. फोल्डर तुमचा झाला, आतल्या फाइली जुन्या नंबरच्याच राहिल्या. परत जा, चौकटीत खूण करा, मग परवानगीपण परत लावा."

या वेळी गुरुजींनी प्रत्येक शब्द वाचून मगच बटण दाबलं. एक हिरवी पट्टी सरकत गेली. बजाबाई भिजवलेली मटकी घेऊन शेजारी येऊन बसल्या होत्या, त्याही पट्टीकडं बघत होत्या.

"झालं," गुरुजी म्हणाले. "आता मालकी परत देतो."

"असू द्या की तुमच्याकडं."

"नाही. तुझं ते तुझं." मग, या खेपेला विचारूनच पुढं जायचं म्हणून, त्यांनी विचारलं, "कुठल्या नावावर करू?"

मोटर बंद पडली होती.

"अंकिता," ती म्हणाली. "नवीन दाखल झालेली असली तरी चालेल."

त्यांनी तसं केलं. फोन टेबलावर ठेवला, स्पीकर लावला आणि सात पोपटवर टिचकी मारली. आधी खरखर आली, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग त्यांचा स्वतःचा घसा खाकरणं, आणि मग ती.

"पण अण्णा, ते दोघं गेले कुठं?"

"गेले असतील दाणे टिपायला."

"आईला सांगून गेले का?"

"सांगून गेले."

"मग परत येणार असतील तर वजा कशाला करायचे?"

कॉम्प्युटरमधले गुरुजी खो खो हसू लागले. बजाबाईंचा हात मटकीत तसाच राहिला. फोनवर तिकडंही कुणीतरी कान देऊन ऐकत होतं.

तेवढ्यात लांबून सासूची हाक आली, "संस्कृती! टेंपो आला गं, चहा टाक!"

"आले आत्या!" ती चटकन म्हणाली. त्या नावाला जरासुद्धा अडखळली नाही. "अण्णा, ठेवू नका हं, आलेच मी."

पावलं गेली. फोन तिकडं कुठल्याशा कट्ट्यावर उघडाच राहिला. इकडं कॉम्प्युटरमधली अंकिता पोपटांची वजाबाकी करायला नकार देत होती, आणि फोनमध्ये भांड्यांचा, माणसांचा गलका वाढत होता. त्या गलक्यातून गुरुजींना एक बारीक आवाज ओळखू आला.

"आणि राहिलेले घड कुठं ठेवलेत, दाजी? उन्हात? का बरं, सावली काय भाड्यानं दिलीय?"

तिकडं पाच-सहा माणसं हसली. "अगं बाई, तुझे प्रश्न!" कुणीतरी म्हणालं. तिचं चालूच होतं. "मग पोत्यानं झाका म्हटलं तर झाकलं का नाही? पोती कुणी नेली? विचारून नेली का?"

गुरुजींनी हात लांब करून कॉम्प्युटरमधला आवाज थांबवला. स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला.

"काय म्हंती?" बजाबाईंनी विचारलं.

गुरुजींनी ओठांवर बोट ठेवलं. टेंपोकडं जाता जाता ती अजून काहीतरी विचारत होती, आवाज बारीक होत चालला होता, शब्द नीट कळत नव्हते. त्यांनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.