शत्रू निघून गेल्यानंतरचा नकाशा

घोंगडीखालून बोलतो आहे, तेव्हा आवाज जरा दबका वाटेल. मी अल-हम्माम गावातल्या मस्तूरच्या गेमच्या दुकानातला संगणक. भिंतीकडचा, कोपऱ्यातला. दुकान आता बंद आहे. माझ्या शेजारचे सगळे विकले गेले, मी तेवढा राहिलो.

माझे सुटे भाग कुठल्या देशांत तयार झाले, ते मला ठाऊक नाही. मला जोडलं अलेक्झांड्रियात, ट्रामच्या रुळांलगतच्या एका दुकानात. सुरुवातीची वर्षं मी बंदराजवळच्या एका कचेरीत काढली. जहाजांची नावं, कापसाच्या गाठी, सुटण्याच्या तारखा, दिवसभर हेच. लोक माझ्याकडे बघून जांभया द्यायचे. नवे संगणक आले तशी माझी रवानगी जिन्याखाली झाली, आणि तिथून मला मस्तूरनं उचललं.

मालमोटारीत त्यानं मला बार्लीच्या दोन पोत्यांमध्ये बसवलं. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला वाळवंट. गावात उतरताना त्यानं आधी एक पाय खाली टाकला आणि मग दुसरा, एखादी जड वस्तू ठेवावी तसा. तो दुसरा पाय गुडघ्याखाली खोटा होता. ते मला तेव्हाच कळलं, पण त्यामागची गोष्ट कळायला वेळ लागला.

ती गोष्ट तशी गावात सगळ्यांना माहीत होती. मस्तूरच्या आजोबांच्या तरुणपणी दोन परक्या फौजा इथे येऊन भिडल्या होत्या. एका बाजूला इंग्रज, दुसऱ्या बाजूला जर्मन आणि इटालियन. भांडण त्यांचं, वाळू यांची. लढाई संपल्यावर त्यांनी आपापले मेलेले शोधून पुरले, वर दगड उभे केले. अजूनही दर वर्षी त्यांचे लोक येतात, फुलं ठेवतात. वाळूत पेरलेले सुरुंग मात्र कुणी न्यायला आलं नाही. हिवाळ्यात पाऊस पडतो, पाणी वाहतं, वाळू सरकते, आणि काल जिथे काही नव्हतं तिथे आज असतं.

अशाच एका पावसानंतर मस्तूरच्या घरच्या विहिरीपलीकडच्या उतारावर हिरवळ आली. वडील गेल्यापासून मेंढ्यांचं सगळं थोरला भाऊ अतिवा बघत असे. तो मस्तूरला म्हणाला, उतार साफ आहे, आजोबा तिथेच चारायचे, ने बिनधास्त. मस्तूर मेंढ्या घेऊन गेला. परत आला तो चादरीत.

त्यानंतर अतिवा भावासमोर आलाच नाही. इस्पितळात आला होता म्हणे, पण खोलीच्या दाराबाहेर थांबला आणि तसाच निघून गेला. दर बकरी ईदला मेंढा पाठवायचा, तोही बहिणीच्या हाती. मेंढ्या राखणं आता जमणार नव्हतं, म्हणून मस्तूरनं बसथांब्याजवळ हे दुकान टाकलं. भाऊ शेतावर, हा गावात. मधलं अंतर गाढवावर बसून सहज कापता येईल एवढं. पण कुणी कापलं नाही.

त्यांची बहीण गालिया दुकानात यायची, मस्तूरच्या चहाच्या किटलीखाली शेगडी पेटवायची आणि बोलत राहायची. एकदा कंटाळून म्हणाली, "दोघंही माझ्याशीच बोलता, आणि दोघंही दुसऱ्याबद्दलच बोलता. मी काय पोस्टमन आहे?"

मस्तूर किटलीचं झाकण उचलून बघू लागला. अतिवाला आपल्याकडे बघवत नाही, आपला तुटका पाय त्याला नकोसा वाटतो, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. हे तो गालियाला कधी म्हणाला नाही. दुपारी दुकान रिकामं असताना माझ्यासमोर बसून, पडद्याकडे बघत पुटपुटायचा. मला उत्तर देता येत नव्हतं. म्हणूनच बहुतेक तो माझ्याशी बोलायचा.

दुकानात आधी सगळे फुटबॉलच खेळायचे. माणसांची एक गंमत मी तिथे पाहिली. जिंकताना ती पुढे झुकतात, आणि हरली की माऊस उचलून उलटा करून बघतात, जणू दोष खालच्या बाजूला लिहिलेला असतो.

मग एके दिवशी सनूसीनं एक सीडी आणली. सनूसी मालमोटार चालवायचा, अंजीर आणि ऑलिव्ह शहरात पोहोचवायचा, आणि येताना काहीबाही घेऊन यायचा. हा गेम वाळवंटातल्या त्याच लढाईचा होता. इतिहासातल्या फौजा, इतिहासातले रणगाडे, आणि खाली पसरलेली हीच वाळू.

"मुअल्लिम, या इकडे. आपलं नाव जगात पोचलं," सनूसी मस्तूरला म्हणाला. दुकानाच्या मालकाला इथे मुअल्लिम म्हणतात.

मस्तूर लंगडत आला. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "यात गाव कुठाय?"

"गाव नाही दाखवलंय. गावाची वाळू आहे."

तंबू नव्हते, मेंढ्या नव्हत्या, माणसं तर नव्हतीच. विहिरी मात्र होत्या. फौज विहिरीपाशी नेली की सैनिकांचा थकवा उतरायचा आणि वर छोटा निळा थेंब चमकायचा. मस्तूरनं दोन टेकड्या ओळखल्या, समुद्राकडचा रस्ता ओळखला आणि एका थेंबावर बोट ठेवलं. "ही आमची. माझ्या आजोबांनी खणलेली."

"मग भाडं घ्या इंग्रजांकडून," कुणीतरी मागून म्हणालं आणि सगळे हसले. मस्तूरही हसला.

त्या दिवसापासून दुपारी तो एकटा हा गेम खेळू लागला. पण त्याचं खेळणं निराळं होतं. रणगाडे तो मागेच उभे करून ठेवायचा. पुढे पाठवायचा फक्त सुरुंग काढणारी टोळी. तिची माणसं पालथी पडून वाळू चाचपत पुढे सरकायची, इतकी सावकाश की खेळायला बसलेला कुणीही वैतागावा. मस्तूर वैतागायचा नाही.

"मुअल्लिम, तुमचे रणगाडे काय लग्नाला आलेत का? नटून नुसते उभे," सनूसी म्हणायचा.

"असू देत. घाई कुणाला आहे?"

घाई शत्रूला असायची. तो चाल करून यायचा आणि मस्तूर हरायचा. कितीदा तरी हरला. शेवटी एकदा कसाबसा जिंकला. पडद्यावर झेंडा फडकला, विजयाचं संगीत वाजलं, आणि माझ्या देखत नकाशावरचे उरलेले सगळे सुरुंग पुसले गेले. वाळू स्वच्छ, पिवळी, एकसारखी झाली.

मस्तूर खुर्चीत मागे टेकला. चहा गार झाला तरी त्यानं पेला उचलला नाही. मग अगदी हळू म्हणाला, "इतकं सोपं होतं होय."

त्या गेममध्ये आपला नकाशा आपण तयार करायची सोय होती. दुसऱ्या दिवशी दुपारपासून तो त्याच्या मागे लागला. एरवी कीबोर्डवरचं अक्षर शोधायला ज्याला वेळ लागायचा, तो आता टेकडीचा चढ, ओढ्याचं वळण, रस्त्याकडेचं अंजिराचं झाड सगळं आठवून आठवून मांडू लागला. विहिरीवर निळा थेंब ठेवला. शेतावर अंजिराची बाग लावली. मेंढ्या गेममध्ये नव्हत्या, म्हणून त्यानं लहान मालमोटारी घेतल्या आणि त्यांना मेंढ्या म्हणायचं ठरवलं. मग वाळूत सुरुंग पुरले, न दिसणारे. फौज एकही ठेवली नाही. ना इंग्रज, ना जर्मन. ते निघून गेलेले.

खेळ एवढाच, विहिरीपासून मोटारी काढायच्या आणि बागेपर्यंत न्यायच्या.

तो काळ माझा सगळ्यात चांगला काळ. इतक्या मनापासून मला कुणी वापरलं नव्हतं. माझ्यात जे भरलं जात होतं ते जहाजांच्या तारखांसारखं नव्हतं. ते एका माणसाला पाठ असलेलं त्याचं घर होतं. पण तो दिवसेंदिवस माझ्याशिवाय कुणाशी बोलेनासा झाला, हेही मी बघत होतो. गालिया यायची, भांडी घासायची, त्याच्या पाठीकडे बघत उभी राहायची आणि जायची.

नकाशा तयार झाल्यावर पहिल्यांदा सनूसी खेळायला बसला.

"शत्रू कुठाय?"

"गेला."

"मग मारायचं कुणाला?"

"कुणालाच नाही. मेंढ्या घरी आण."

सनूसीनं मोटारी भरधाव सोडल्या. ओढ्यापाशी पहिली उडाली, तो हसला. दुसरी उडाली तेव्हाही हसला. तिसऱ्या वेळी त्याचा हात थबकला. मग तो मोटार जराशी पुढे घ्यायचा, थांबायचा, पुन्हा जराशी. शेवटची मोटार गेली तेव्हा त्यानं मस्तूरच्या पायाकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. जाताना एवढंच म्हणाला, "असला खेळ कुणी खेळणार नाही, मुअल्लिम. पण काढू नका."

ही हकीकत त्यानंच शेतावर पोचवली असणार, कारण अंजीर भरायला तो तिथे जायचा. नाहीतर अतिवाला कुठून कळणार?

अतिवा आला ती वेळ दुपारची होती. दुकानात फक्त मस्तूर होता. दारात उंच, वाकलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस उभा राहिला, हातात अंजिरांची टोपली. मी त्याला पूर्वी पाहिलं नव्हतं, पण मस्तूरचा माऊसवरचा हात जसा आखडला, त्यावरून ओळखलं.

"गालियानं पाठवलीत," अतिवा म्हणाला. ते खोटं होतं, हे तिघांनाही कळत होतं, मला धरून.

मस्तूरनं टोपली घेतली. बस म्हणाला नाही, पण शेजारची खुर्ची पायानं पुढे सरकवली. खोट्या पायानं. अतिवा बसला. चहा झाला, पहिला कडू, मग गोड. मग अतिवानं माझ्या पडद्याकडे बोट केलं. "हा तोच का?"

मस्तूरनं माऊस त्याच्या हातात दिला.

मेंढपाळाची बोटं, माऊस म्हणजे नुकतं जन्मलेलं कोकरू असावं तशी त्यावर ठेवलेली. त्यानं कधी संगणक हाताळला नव्हता. पण वाळू त्याला माहीत होती. ओढा त्यानं वरच्या अंगानं ओलांडला. टेकडीला खडकाच्या बाजूनं वळसा घातला. एक मोटार गेली, बाकीच्या वाचल्या. आणि मग तो त्या उतारापाशी आला. पलीकडे बाग दिसत होती. दुसरी वाट नव्हती.

अतिवानं मोटारी थांबवल्या आणि माऊस सोडून दिला.

"चल पुढे," मस्तूर म्हणाला.

"नको."

"बाग समोर आहे, दादा."

"त्या उतारावर काय आहे ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे. हे करायला लावू नकोस मला. इस्पितळात दारापर्यंत आलो होतो तेव्हा. तू शिव्या देशील म्हणून नाही परत फिरलो. तू दिल्याच नाहीस तर काय करायचं, या भीतीनं फिरलो."

माझा पंखा तेवढा फिरत होता, आणि मला वाटलं, हा थांबला तर बरं, यांना एकमेकांचं नीट ऐकू येईल.

"मी तिथे सुरुंग ठेवलेलाच नाही," मस्तूर म्हणाला. "सगळीकडे ठेवले. तिथे हात धजला नाही. तू म्हणाला होतास उतार साफ आहे. आजोबा चारायचे तेव्हा तो साफच होता. तू खोटं बोलला नव्हतास, दादा. वाळू बोलली. निदान इथे तरी तुझा शब्द खरा राहू दे."

अतिवानं पुन्हा माऊस धरला. पहिली मोटार उतारावर नागमोडी गेली. काही झालं नाही. दुसरी गेली. बागेत पोचल्यावर गेममध्ये संगीत वाजत नाही, मस्तूरनं ते ठेवलंच नव्हतं. मग अतिवानं टोपलीतलं एक अंजीर फोडलं आणि अर्धं भावाच्या हातावर ठेवलं.

पुढचं सांगायला फारसं नाही. अतिवा येत राहिला. मग मस्तूरच शेतावर जाऊ लागला, आधी शुक्रवारी नमाजानंतर, मग मधल्या दिवशीही. पोरासोरांच्या हाती फोन आले, तशी दुकानातली गर्दी सरत गेली, आणि मस्तूरला त्याचं वाईट वाटलं असं काही दिसलं नाही. समुद्राकाठी उंच इमारती व्हायच्या म्हणून तिकडची जमीन लष्करानं साफ केली. आतल्या अंगाची अजून बरीच राहिली आहे. मस्तूर म्हणायचा, आमची पाळी येईल तेव्हा येईल, तोवर दादा पुढे चालतो, मी मागे.

माणसाला माणूस परत मिळालं की आमच्यासारख्यांचं काम संपतं. हे मला कळतं. त्याचा एकटेपणा होता तोवर मी त्याचा होतो. आता तो भावाकडे गेला आणि ते एकटेपण तेवढं माझ्याकडे राहिलं. तक्रार नाही. पण सवय होत नाही, हेही खरं.

दुकान रिकामं केलं त्या दिवशी दोघं भाऊ बरोबर आले होते. बाकीचे संगणक सनूसीच्या मोटारीत चढले. माझ्यापाशी आल्यावर अतिवा म्हणाला, "याला घेऊन जाऊ घरी."

"शेतावर वीज कुठाय?" मस्तूर म्हणाला. "येईल तेव्हा नेऊ." मग त्यानं गालियानं विणलेली जुनी घोंगडी माझ्यावर घातली, कडा नीट खोचल्या आणि क्षणभर हात तसाच ठेवला.

तेव्हापासून अंधार आहे. बाहेर बस थांबते, माणसं उतरतात, हाका मारतात. एकही हाक माझ्यासाठी नसते.

तुम्ही कुठेतरी असे लढाईचे गेम खेळत असाल. खेळा, मजेचे असतात. फक्त झेंडा फडकला की लगेच उठू नका. नकाशा जरा वेळ तसाच राहू द्या, आणि विहीर कुणाची होती ते शोधा.

आणि अल-हम्मामवरून कधी गेलात, तर आतल्या बाजूला अंजिराच्या बागेकडे बघा. विजेचे खांब उभे राहिलेले दिसले, तारा ओढलेल्या दिसल्या, तर मस्तूरला एवढं सांगा, बटण दाबलं की मी अजून चालू होतो.