वाढत्या पायाचे बूट

प्रेमलता मॅडमचा बूट बॉलच्या पाठोपाठ हवेत गेला, तेव्हा मौद्याच्या मैदानावर एकच हशा पिकला. बॉल गेला आडवा, बूट गेला सरळ, आणि मॅडम एका पायावर लंगडत बूट शोधेपर्यंत पारशिवनीच्या पोरींनी गोल करून टाकला. सामना मौद्यानं कसाबसा जिंकला, संघ अंतिम फेरीत पोचला, पण गावात चर्चा जिंकण्याची नव्हती, बुटाची होती.

मॅडम अडतीस वर्षांच्या, शाळेत गणित शिकवतात. गेल्या वर्षी गावात बायकांचा फुटबॉल संघ निघाला, तेव्हा पहिलं नाव त्यांनीच दिलं होतं. संघाची कर्णधार वैभवी ही त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. दुसऱ्या दिवशी ती घरी आली, चहा घेतला आणि बशीकडे बघत म्हणाली, "मॅडम, वाईट नका वाटून घेऊ. रविवारच्या फायनलले तुमच्या जागी मागं, बचावाले, मिनलले खेळवते म्हणते. तुमचे पाय सटकून राहिले."

"पाय नाही सटकत, बूट सटकते," मॅडम म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत थांब. नवे बूट आणते, मंग ठरव."

वैभवीनं मान डोलावली खरी, पण मोठ्यांचं मन राखायला डोलावतात तशी. ती गेल्यावर मॅडमना राग आला, आणि रागापेक्षा जास्त धास्ती वाटली. कॉलेज सुटल्यावर सुटलेलं मैदान सतरा वर्षांनी परत मिळालं होतं. ते एका बुटापायी हातचं जाऊ द्यायला त्या मुळीच तयार नव्हत्या.

गुरुवारी त्यांनी नागपूरची बस धरली. सोबत वडील गणपतराव निघाले. त्यांना इतवारी बाजारातून घरच्या कार्यासाठी मोठी कढई घ्यायची होती, आणि बुटांच्या खरेदीत आपल्याशिवाय कोणाला काही कळत नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. या समजुतीची फळं चारही मुलांच्या पायांनी भोगली होती. दुकानात गणपतराव बुटाचं टोक अंगठ्यानं दाबून बघायचे. पुढे अंगठाभर जागा असली तर ठीक, नाहीतर एक नंबर वरचा. वाढत्या पायाचं घ्यावं म्हणत. बूट पायाला बरोबर बसायला लागायचा तेव्हा त्याचा तळ गेलेला असायचा. प्रेमलता दहावीपासून दुकानदाराला "सहा" सांगत आली, आणि गेल्या वर्षी खेळाचे बूट फोनवरून मागवताना धोका नको म्हणून तिनं सात सांगितले. टोकात कापूस कोंबला की झालं!

कढई घेऊन, हातगाड्या चुकवत बापलेक गल्लीच्या टोकाला नानाजींच्या खेळाच्या दुकानात पोचले.

"पोरासाठी पाहिजे का ताई?" नानाजींनी विचारलं.

"माह्यासाठी."

नानाजींनी एकदा बघितलं आणि लगेच कामाचं विचारलं, "मैदान कसं आहे?"

"मुरमाचं. टणक."

त्यांनी लांब खिळ्यांचे चकचकीत जोड बाजूला सारले. "हे ओल्या गवतावर चालते. टणक जमिनीवर गुडघे जाते." मग रबराच्या आखूड खिळ्यांचा एक साधा काळा जोड पुढे ठेवला. "नंबर?"

"सात," मॅडम म्हणाल्या. "नाही, सहा."

नानाजींचा दोन्हीवर विश्वास बसला नाही. त्यांनी मॅडमना खेळाचे मोजे घालायला लावले, कागदावर उभं केलं, पेन्सिलीनं पाय आखला आणि पट्टी लावली. "पाच."

"पुन्हा मोजा."

पुन्हा पाचच आले. शाळेत त्रिकोण, वर्तुळं, वर्गाची भिंतसुद्धा मोजून घेणाऱ्या बाईनं स्वतःचा पाय कधी मोजला नव्हता. मॅडमना स्वतःचीच लाज वाटली आणि हसूही आलं. पाच नंबरचा बूट घालून नाड्या आवळल्या, तेव्हा पहिल्यांदाच बूट पायाबरोबर हलला.

गणपतरावांनी वाकून टोक दाबलं. "आंगठा कुठी मावते इथं? सहाचा दाखवा गा."

"बाबा, बरोबर आहे हा."

"आज बरोबर आहे. थोडा वाढता घे वं."

"अडतीस वर्षांची झाली मी. आता काय वाढन?"

नानाजी खोक्यांकडे तोंड करून हसले. गणपतराव मात्र अडून बसले, तेव्हा मॅडमनी सहाचाही जोड चढवला, उभ्या राहिल्या आणि वडिलांचं बोट धरून टाचेमागे घातलं. बोट सहज आत गेलं.

"इथून बूट निघते, बाबा. गोल इथूनच झाला."

गणपतरावांनी बोट लगेच काढलं नाही. "तुम्ही चौघं होते," ते हळूच म्हणाले. "एका जोडात दोन वर्षं काढाची राहे. जागा ठेवली म्हणजे मी बरंच केलं, असं वाटे मले."

मॅडमनी सहाच्या बुटाची नाडी सोडली. "बरंच केलं तुम्ही. पण आता मले खेळाचं आहे."

म्हाताऱ्यानं सहाचा जोड स्वतःच खोक्यात भरला. मॅडमनी पाचचा घालून गल्लीत धाव घेतली, एका हातगाडीशी गचकन थांबल्या, गर्रकन वळल्या. टेंपोवाला हॉर्न वाजवत राहिला. त्यांनी लक्ष दिलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी त्या मैदानात वैभवीसमोर उभ्या राहिल्या. "मिनलले बॉल दे. पाच वेळा माह्या बाजूनं काढून दाखवू दे तिले."

मिनल अठराची, वाऱ्यासारखी पळणारी. पहिल्यांदा ती सहज निघून गेली. दुसऱ्यांदाही गेली. काठावर कोणीतरी खुसखुसलं. मॅडमच्या करंगळीला नवं चामडं लागत होतं, दम लागला होता, आणि क्षणभर वाटलं की वैभवीचंच खरं होतं. पण पाय बुटात सरकत नव्हता. टेकवला तिथेच राहत होता. तिसऱ्या वेळी मॅडम धावल्या नाहीत, वाट बघत थांबल्या, आणि मिनल वळली त्या क्षणाला बॉल काढून घेतला. चौथ्यांदा घेतला. पाचव्यांदा मिनल आपटली आणि बॉल मॅडमच्या पायाशी राहिला.

"मागं तुम्हीच, मॅडम," वैभवी म्हणाली. तिचा चेहरा खुलला होता.

"ते झालं," मॅडम गुडघ्यांवर हात टेकून म्हणाल्या. "पण पहिले दोन काहून गेले, ते मले समजलं पाहिजे. मिनल, उठ वं, बॉल आण."