बुरशी आढळली

मित्रांनो, आधी ते मुरडलेलं नाक सरळ करा. मी बुरशी आहे आणि चांगली जुनी आहे. पण शिळ्या भाकरीवरची किंवा लोणच्याच्या बरणीतली नव्हे. लातूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र विभागासमोर चिडाचं, म्हणजे पाइनचं, झाड आहे, त्याच्या हिरव्या पानांत मी राहते. चिडाचं पान म्हणजे वीतभर लांब सुईच. त्या सुईच्या आत, पेशींच्या फटीत, मी सुताहून बारीक होऊन बसलेली असते. बाहेरून मी दिसत नाही, आणि झाडालाही माझा काही जाच नाही.

हे झाड मूळचं इथलं नव्हे. फार पूर्वी कुणीतरी सहलीहून परतताना डोंगराळ मुलखातून ते रोप तेलाच्या डब्यात लावून आणलं. माझे पूर्वज त्याच्या पानांत बसून फुकट आले. लातूरचं ऊन बघून झाडाला धडकी भरली असेल, पण ते तगलं. आमचा जन्म साधासुधा असतो. जुनं पान गळून मातीत पडलं की त्याच्यावर आमचे बीजाणू पिकतात. दमट हवेत ते वर उडतात, कोवळ्या पानावर बसतात आणि बारीक छिद्रातून आत शिरतात. मग नुसतं राहायचं. झाडाच्या जेवणातलं चिमूटभर आम्ही घेतो, पान कुरतडायला आलेल्या किडीच्या तोंडाची चव घालवतो, आणि पान मेलं की त्याची माती करतो. किती मुलं या झाडाखाली डबे खाऊन गेली, कुणी माझं नाव घेतलं नाही. मला त्याचं काही वाटलंही नाही.

मग ज्योत्स्ना आली. ती औशाची. महादेवप्पा सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती आणि तिचा विषय मीच होते: चिडाच्या पानांत राहणाऱ्या बुरशी ओळखायच्या आणि त्यांचं वर्गीकरण करायचं. ती हिरवी पानं तोडायची, बाहेरचं चिकटलेलं सगळं मरावं म्हणून स्पिरिटने धुवायची, आणि त्यांचे तुकडे काचेच्या बशीत थिजवलेल्या खाद्यावर ठेवायची. कापलेल्या कडेतून मी हळूहळू बाहेर यायचे, आधी पांढरी, मग राखाडी. बुरशी ओळखतात ती मुख्यतः बीजाणूंच्या आकारावरून, आणि बशीत मी ते धरायलाच तयार नव्हते. ज्योत्स्ना वैतागायची. भिंगाला डोळा लावून म्हणायची, "किती भाव खातीस गं बाई. बोल की." पण बशी कधी फेकायची नाही. इतक्या जवळून मला कुणी पाहिलं नव्हतं. मला तिचा लळा लागला, हे कबूल करते.

आता रागाचं सांगते. उन्हाळ्याच्या तोंडावर चीड आपली जुनी पानं गाळतो. खालच्या फांद्या तांबूस होतात, बुंध्याभोवती सुयांचा थर साचतो. दरवर्षीचंच आहे. यंदा मात्र प्राचार्यांना त्यात रोग दिसला. त्यांना कॉलेजला नवी कमान बांधायची होती, आणि कमानीचा एक खांब नेमका या बुंध्यावर येत होता. निरोगी झाड तोडायची परवानगी सहजी मिळत नाही, रोगट झाडाची मिळते. त्यांनी महादेवप्पा सरांना बोलावून घेतलं. सरांनी विभागाच्या कागदावर एकच ओळ लिहून दिली, 'झाडाच्या पानांत बुरशी आढळली', आणि खाली सही केली.

मित्रांनो, मला तळपाय नाही आणि मस्तकही नाही, तरी आग इकडून तिकडे गेलीच. ज्या झाडात मी राहते त्याचं नाव चीड. त्या दिवशी मी नखशिखान्त चीड होते.

ज्योत्स्ना सरांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "सर, ही बुरशी रोग करत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत."

"मी रोग लिहिलाय का? वाच ना," सर म्हणाले. ते उदगीरकडचे, चिडले की गावच्या बोलीवर यायचे. "बुरशी हाय का न्हाई?"

"आहे."

"मग खोटं काय लिहिलं म्या? वाचणारानं काय समजायचं ते समजावं. तू तुझा प्रबंध बघ. त्याच्यावर बी माझीच सही लागती."

खोटं एक अक्षर नव्हतं, आणि माझा सगळा राग त्याच्यावरच आहे. लोकांना बुरशी म्हणजे सडणं एवढंच ठाऊक. अजाण माणसाने मला घाण म्हटलं तर मी सोडून देते. पण या माणसाने उभं आयुष्य बुरशी शिकवण्यात घालवलं होतं. लोक काय समजतील ते त्याला पक्कं माहीत होतं, आणि तेवढ्यासाठीच त्याने पुढचं वाक्य लिहिलं नाही.

झाडावर महापालिकेची नोटीस चिकटली. हे झाड तोडायचं आहे, कुणाची हरकत असल्यास मुदतीत कळवावी. नोटिशीखालच्या कट्ट्यावर बसून ज्योत्स्नाने औशाला आईला फोन लावला. तिची आई पंचशीला अंगणवाडीत मदतनीस आहे. तिने सगळं ऐकून घेतलं.

"काई बिघडवत न्हाई म्हन्तीस, तरी तोडायचं?"

"बुरशी म्हटलं की लोकांना किळस येते, आई."

आई म्हणाली, "तुझं शास्तर मला कळत न्हाई. पन निस्तं हाय म्हनून इटाळ धरायचा, ही खोड मला लई जुनी ठाव हाय. तू गप बसू नको. सहीचं मंग बघू."

ज्योत्स्नाने त्याच दुपारी हरकत नोंदवली. मग तिने फाटकाजवळच्या कडुनिंबाची पानं घेतली, वाचनालयामागच्या आंब्याची घेतली, आणि प्राचार्यांच्या बंगल्यावर जाऊन वृंदावनातल्या तुळशीची दोन पानं मागितली. प्राचार्यांच्या पत्नीने ती कौतुकाने स्वतः खुडून दिली. सगळी पानं स्पिरिटने धुतली गेली, सगळी बशीत गेली.

पाहणीला महापालिकेच्या रेणुका मॅडम आल्या. झाडांच्या परवानग्या त्यांच्याकडे असतात. झाडाखालीच टेबल मांडलं होतं. एका बाजूला प्राचार्य आणि महादेवप्पा सर, दुसऱ्या बाजूला एकटी ज्योत्स्ना. प्राचार्यांनी तो कागद पुढे केला. रेणुका मॅडमनी वाचला आणि ज्योत्स्नाला विचारलं, "बुरशी आहे हे खरं?"

"खरं आहे. मीच काढली."

"कोणती?"

"अजून ठरलेलं नाही."

प्राचार्य हसले. "घ्या. नाव माहीत नाही आणि हमी देते."

ज्योत्स्नाने पिशवीतून बश्या काढून टेबलावर मांडल्या. प्रत्येकीत पानाच्या तुकड्याभोवती काही ना काही उगवलेलं होतं, कुठे पांढरं, कुठे काळपट.

"हा कडुनिंब," ती म्हणाली. "हा आंबा. हिरवी, धडधाकट पानं आहेत, आणि बुरशी आतून आलीय. आणि सर, ही तुमच्या घरची तुळस."

"आमच्या तुळशीला बुरशी?"

"आढळली. तेवढ्यावर झाड तोडायचं असेल तर तुळशीपासून सुरुवात करू."

प्राचार्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. रेणुका मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तो कागद महादेवप्पा सरांपुढे सरकवला. "सर, या बुरशीमुळे झाडाला रोग झाला आहे, एवढं याच्याखाली लिहून देता?"

सरांनी पेन हातात घेतलं, फिरवलं आणि खिशाला लावलं. "तसं लिहिता येनार न्हाई," ते म्हणाले.

झाड वाचलं. कमान चार पावलं बाजूला सरकली, आणि तिथेही ती दिमाखातच उभी आहे. एवढंच करायचं होतं, तर आधी का नाही केलं, हे मला कुणी सांगितलेलं नाही.

त्यानंतर महादेवप्पा सरांना ज्योत्स्नासाठी वेळ मिळेना. प्रबंधाची प्रकरणं त्यांच्या टेबलावर तशीच पडून राहायची. शेवटी तिने मार्गदर्शक बदलून घेतला आणि नांदेड गाठलं. काम पुन्हा पहिल्यापासून. काचेच्या नळीत माझा एक तुकडा होता, तो तिने एसटीत मांडीवर धरून नेला. तिथल्या यंत्राने माझ्या आतलं लिखाण, तुमच्या भाषेत डीएनए, वाचलं, बीजाणूंची गरजच पडली नाही. माझं कुळ कळलं, प्रजातीही कळली. जाती, म्हणजे माझं पूर्ण नाव, अजून ठरायची आहे. माझं त्यावाचून काही अडलेलं नाही.

पण मी लातूरच्या झाडातही आहे ना. तिथून सगळं दिसतं. आता पाहुणे आले की महादेवप्पा सर त्यांना या झाडाखाली आणतात. फांदी खाली ओढून सांगतात, "या पानांत एक निरुपद्रवी बुरशी असते, आमच्या विभागाचं संशोधन आहे." माझं कुळ सांगतात, प्रजाती सांगतात, उच्चारसुद्धा बिनचूक. पाहुणे माना डोलावतात. ज्योत्स्नाचं नाव मी त्यांच्या तोंडून अजून एकदाही ऐकलेलं नाही. हेही तसंच आहे, मित्रांनो. खोटं एक अक्षर नाही.

झाडं जपा, हे तुम्हाला शाळेत सांगतातच, मी आणखी कशाला सांगू. माझं मागणं दुसरं आहे. कधी या चिडाखाली आलात आणि सर माझी ओळख करून देऊ लागले, तर हात वर करा आणि विचारा, "सर, ही शोधली कुणी?" ते नाव सांगेपर्यंत हात खाली घेऊ नका.