शपथेचा नारळ

रसिकाने नारळ रवळनाथासमोर ठेवला, पण हात काही त्यावरून उठेना. अंगाला सुटलेला कंप शिवा गुरवाला दिसू नये म्हणून ती खालीच बसली. आमदाराची बायको आणि अशी थरथरतेय! पण भीतीला आमदारकी थोडीच कळते?

महिन्यापूर्वी इथेच तिच्या नवऱ्याने, सत्यवानने, नारळावर हात ठेवून दाजींना शब्द दिला होता, राज्यसभेला माझं मत तुम्हालाच. दाजी पक्षाशी भांडून अपक्ष उभे राहिलेले, आणि सत्यवानला बोट धरून राजकारणात आणलं तेही त्यांनीच. शब्द देताना गड्याचा ऊर भरून आला. ऊर भरला की माणूस पुढचं बघतो कुठे?

पुढचं काल आलं. मत पक्षाच्याच उमेदवाराला द्यायचं, असा आदेश. ते पेटीत टाकण्याआधी पक्षाच्या माणसाला दाखवायचं, हा तर कायदाच. हा कायदा व्हावा म्हणून एकेकाळी गावोगाव घसा कोरडा केला होता दाजींनीच. आमदार विकले जातात, मत उघड झालं की बाजार बंद होईल, म्हणायचे. आता त्याच कायद्यात त्यांचं एक एक मत अडकलं होतं. आदेश मोडला तर सत्यवानचं तिकीट जाणार, आणि किनाऱ्यावरचं घर पाडू, असंही कुणीतरी हसत हसत सांगून गेलं होतं.

सकाळी मुंबईला निघताना सत्यवान तिला म्हणाला, देवाकडून शपथ सोडवून घे, नाहीतर मत दाजींनाच द्यावं लागेल. देवापुढची शपथ मोडली की पोराला भोवते, हे दोघांनी लहानपणापासून ऐकलेलं. त्यांचा एकुलता एक कौस्तुभ मालवाहू बोटीवर होता, आणि त्याचा फोन लागत नव्हता.

“शिवा, देवाक गाऱ्हाणा घाल,” ती कशीबशी म्हणाली. “शपथ सुटांदे. काय जावचा तां माझ्यावर जांव दे, झिलावर नको.”

शिवाने नारळ घेतलाच नाही. त्याने देवाच्या पायांकडे बोट दाखवलं. तिथे फोडलेल्या नारळाच्या दोन ताज्या वाट्या होत्या.

“वयनी, गाऱ्हाणा झाला. दाजी पहाटेच येवन गेले. म्हणाले, सत्यवानाचो शब्द मी परत दितंय. तेका मत दाखवूक लागतला, तेका दोष नको. तेचो झील बोटीर आसा.”

रसिकाचा जीव भांड्यात पडला. मग तिला रडूच आलं. दाजींनी आपली हार पत्करून तिच्या पोराची काळजी केली होती.

फोन वाजला. सत्यवान होता.

“सुटली शपथ?”

तिने त्या वाट्यांकडे पाहिलं. घर डोळ्यांपुढे आलं, त्यामागचा समुद्र आला, समुद्रातली बोट आली, आणि शेवटी त्या बोटीसाठी हरायला निघालेले दाजी आले.

“नाय,” ती म्हणाली. “सुटाक नाय.”

मग सत्यवान “बरां” म्हणाला आणि फोन बंद झाला.

शिवा तिच्याकडे बघतच राहिला होता. रसिकाने आपला नारळ त्याच्यापुढे सरकवला.

“आता ह्यो फोड,” ती म्हणाली. “माझ्या नावान. खोटां मी बोललंय.”