घराण्यात पचतं

गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचे. आणि आता विज्ञान प्रदर्शनात माईकवर बोलणार होते! म्हणून रंगीत तालीम घरीच, संत तुकाराम नगरच्या आमच्या एका खोलीत.

प्रेक्षक दोन. आई कॉटवर उशांना टेकून. फुप्फुसं खराब झाल्यापासून तिला आडवं झोपवतच नाही. आणि पप्पा, भोसरीच्या वर्कशॉपमधून नुकतेच आलेले. समोर बुद्धविहार आहे, तिकडे धूर जाऊ नये म्हणून त्यांनी नेहमीसारखी आधी खिडकी लावली, मग सिगारेट पेटवली.

“हां मिनलबाई, होऊन जाऊ द्या!”

मी सुरू झाले. धुरातलं विष आत गेलं की शरीरातली काही एन्झाइम्स त्याला पकडून बाहेर काढतात. पण त्यातलं एखादं एन्झाइम बनवणारं जनुक पुष्कळ माणसांत नसतंच. म्हणून तोच धूर एकाला कमी बाधतो, दुसऱ्याला जास्त.

“बघ!” पप्पांनी मांडीवर थाप मारली. “माझा बाप ऐंशीपर्यंत बिड्या ओढायचा, साधा खोकला नाही. आपल्या घराण्यात पचतं!”

“पचलंच असं नाही, पप्पा. नशीबही असतं.”

“मला काय झालंय मग?”

मी एकदम फॉर्मात होते. “आणि आई? ती कुठे तुमच्या घराण्यात जन्मली?”

आई मान हलवत होती, गप्प बस म्हणून.

“तिला माहेरच्या चुलीचा धूर बाधलाय,” पप्पा म्हणाले. “डॉक्टरच म्हणाले.”

“कारण घरात कोण ओढतं विचारल्यावर आईने सांगितलं, कुणीच नाही. मी होते ना तिथे.”

“कस्तुरा?” पप्पांनी आईकडे बघितलं.

आईला उबळ आली. ती थांबल्यावर आई एवढंच म्हणाली, “भाषण छान झालंय तिचं.”

पप्पा माझ्याकडे वळले. “आणि तू गं?”

“अर्धी तुमची, अर्धी आईची. कुणाचं काय आलंय, ते तपासल्याशिवाय नाही कळत.”

माईकसाठी कमावलेला माझा आवाज कुठे गेला कुणास ठाऊक.

पप्पांनी सिगारेट चुरगाळली. उठून खिडकी सताड उघडली आणि विहाराकडे न बघता, मान खाली घालून तिथेच उभे राहिले. गार हवा आत आली. गेलेली फुप्फुसं परत येत नाहीत, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेवढं माझ्या भाषणात नव्हतं.

“अहो,” आई सवयीने म्हणाली, “खिडकी लावा ना. समोर विहार आहे.”